फाटकापुढचं भांडण

प्रार्थनेच्या दिवशी सकाळी साडेनऊला बायको फाटकाशी जाऊन उभी राहिली, तेव्हाच पंक्चरवाल्याचं डोकं तापलं. करडी गाडी अजून वळणावरच होती.

दुकान घराच्या पुढच्या अंगणात, आणि अंगणाला फाटक एकच. कोपऱ्यावर प्रार्थनाघर. त्याच्या आवारात गाड्या मावतात बारा, माणसं येतात तीनशे. उरलेल्या गाड्या गल्लीभर, ज्याच्या त्याच्या दारात. कुणी दारापुढे विटा मांडतं, कुणी पाटी लावतं, कुणी नुसतंच खिडकीतून खेकसतं. पंक्चरवाल्याच्या फाटकापुढे मात्र दर वेळी ही एकच गाडी. मालक चष्मेवाला, कुठल्याशा कचेरीत नकाशे काढतो म्हणे. नाव कुणी विचारलं नव्हतं. बायकोनं गाडीच्या रंगावरून त्याचं बारसं केलं होतं.

"अहो करडे, देव काय आमच्या फाटकापुढेच भेटतो का तुम्हाला?"

"कालच त्याच्याकडे जागा मागितली, वहिनी," गाडीला कुलूप लावत करडे म्हणाला. "तर म्हणतो, त्या फाटकाशी एक बाई उभी असते, तिला विचार."

मग जी जुंपली, ती वीस मिनिटं. तिनं त्याच्या चष्म्याचा उद्धार केला, त्याला लायसन देणाऱ्याची अक्कल काढली, स्वतःला गाडी लावता येत नाही आणि जगाचे नकाशे काढतो म्हणाली. तो एकेका वाराला असं उत्तर द्यायचा, की तिला पुढचा वार आयता सुचावा. मधेच एकदा तिनं हसू दाबायला ओठ चावला. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसला होता. भोक कधीच सापडलं होतं, तरी तो बुडबुडेच बघत होता.

धंदा याचा अडलेला, तेव्हा रागवायचं तर गाडीवर. पण हा जळत होता भांडणावर. लग्न झालं तेव्हा याच बाईनं एका वाकलेल्या चमच्यावरून त्याला तासभर सोलून काढलं होतं. आता ओला टॉवेल गादीवर टाकला तरी 'हं'. ग्रीसच्या हातानं भिंत माखली तरी 'असू दे'. आणि तिकडे या परक्या माणसाला सगळा ताजा माल.

तेवढ्यात ती करडेला म्हणाली, "ठोंब्या आहात अगदी."

पंक्चरवाल्याच्या हातातली ट्यूब सुटली. ठोंब्या हा शब्द त्याचा होता. तिनं तो खास त्याच्यासाठी ठेवलेला होता, आणि कित्येक वर्षांत त्यालाही दिला नव्हता.

करडे प्रार्थनेला गेला. बायको काहीतरी गुणगुणत आत गेली. पंक्चरवाला चप्पल शोधल्यासारखं करत करड्या गाडीच्या मागच्या चाकाशी बसला. व्हॉल्वची टोपी काढली, आतली पिन काढून खिशात टाकली. हवा फुस्स करून गेली. तो परत दुकानात येऊन बसला, तोही अशा चेहऱ्यानं, की प्रार्थनाघरातही इतका भाविक कुणी नसेल.

प्रार्थना सुटल्यावर करडे आला आणि बसलेलं चाक बघून म्हणाला, खिळा लागला वाटतं, नशीब की पंक्चरवाल्याच्याच दारात लागला.

बायको बाहेर येऊन चाकाशी वाकली. व्हॉल्वची टोपी तिनं फिरवून काढली. आत पिन नव्हती.

"खिळा नाही हा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी खोडी केली असती, तर टोपी तिथेच टाकून पळाला असता. हवा सोडून वर टोपी घट्ट बसवणारा माणूस या गल्लीत एकच आहे."

सवय. हाताची सवय डोक्याला विचारत नाही. पंक्चरवाला उभा राहिला. त्यानं फडक्याला हात पुसले, मान खाली घातली, कान मात्र टवकारले. आता बरसणार. गल्लीतल्या दोन-तीन खिडक्याही उघडल्या.

ती त्याच्याकडे वळलीच नाही.

"माफ करा, भाऊ," ती करडेला म्हणाली, अगदी हळू. "चूक आमच्याकडून झाली. हे हवा भरून देतील."

यानं पिन बसवली, हवा भरली. करडेनं काहीच विनोद केला नाही. येतो म्हणाला आणि गेला.

भाऊ ऐकून कुठलाही नवरा सुखावला असता. हाही सुखावला. आठवडाभर.

पुढच्या प्रार्थनेला गल्ली भरली, पण त्याच्या फाटकापुढे कुणी गाडी लावली नाही. चाकाची बातमी सगळीकडे पोचली होती. शेजारी येऊन पाठ थोपटून गेले, आमच्याही दारातलं असंच बघा म्हणाले. करडेनं लांब पलीकडच्या रस्त्याला गाडी लावली आणि तो समोरच्या फुटपाथवरून खाली बघत निघून गेला. बायको फाटकाशी उभी होती. दहा वाजेपर्यंत उभी राहिली, मग आत गेली. आतून ना गुणगुण ना भांड्यांची आदळआपट.

पंक्चरवाल्यानं थोडा वेळ दम धरला. मग टायर वाहायची आपली जुनी व्हॅन सुरू केली, गल्लीत नेली आणि फाटकापुढे आडवी लावली. अशी तिरकी, की मांजरही आत जाऊ नये. एक चाक बायकोच्या कुंडीवर चढवलं. कुंडी फुटली. मग त्यानं दोनदा हॉर्न वाजवला, खाली उतरला आणि दाराला टेकून उभा राहिला.

ती बाहेर आली. तिनं व्हॅन पाहिली, फुटलेली कुंडी पाहिली.

"इथेच लावणार," तो म्हणाला. "काय म्हणणं आहे तुझं?"

तिनं खापरं गोळा केली.

"राहू दे," ती म्हणाली. "घरचीच आहे."