सातव्या रांगेतली मिरची

चारशे बारा रोपांपैकी एकच हिरवंगार उभं होतं, आणि मैत्रेयला ते खरं वाटेना.

बाकी सगळ्या मिरच्यांची पानं मोझॅक रोगाने पिवळी पडून आकसली होती. पडायलाच हवी होती, रोग चाचणीसाठी मुद्दाम लावलेला होता. सातव्या रांगेतलं हे एकच रोप बेचाळीस अंशांच्या उकाड्यातही फुलं धरून बसलं होतं, आणि आता रोगालाही दाद देत नव्हतं. असं वाण शोधण्यात मैत्रेयची सहा वर्षं गेली होती. नाचायचं सोडून तो कुंडीवरचं लेबल न्याहाळत राहिला.

रोगट पानांचा रस प्रत्येक रोपाच्या पानांना चोळायचा आणि लेबलवर टिक करायची, हे काम बेबीताईंचं. बेबीताई म्हणजे त्याची आई. न्यूझीलंडमधल्या पापाकुराच्या या ग्लासहाउसमध्ये ती दोन वर्षं कामाला होती. आणि हे रोप नेमकं तिच्या माहेरच्या बियाण्याचं. रीतसर परवाना काढून आणलेल्या मूठभर बियांतली एकच काय ती उगवली होती. रोज सकाळी आई आधी या रोपाशी दोन शब्द बोलायची, मग कामाला लागायची.

लेबलवर टिक होती. जरा जास्तच ठळक, मुद्दाम गिरवल्यासारखी.

आईचा जीव अडकला असणार. रस चोळलाच नसणार, नुसती टिक केली असणार. या रोपाचं बी शेतकऱ्यांकडे गेलं तर पहिल्याच हंगामात मळेच्या मळे आडवे होतील. लोक म्हणतील, मायलेकांनी मिळून केलं. विचारावं तर आई दुखावेल आणि न विचारावं तर सहा वर्षं पाण्यात.

तेवढ्यात विभागप्रमुख हेमी वाणाच्या मंजुरीचे कागद घेऊन, माओरीत रामराम करत आत आला.

"किआ ओरा! हाच ना आपला हिरो? चल, सही करून टाकतो. स्वीट ॲज, एकदम झकास!"

"एक मिनिट थांब," मैत्रेय म्हणाला. पलीकडे पाणी घालत असलेल्या आईकडे तो वळला. "आई, खरं सांग. याला रस चोळलास ना?"

आईने झारी खाली ठेवली.

"शाळेत मला पैकीच्या पैकी मार्क पडले ना, की गुरुजी म्हणायचे, बघून लिहिलं असशील. मग सगळ्या वर्गासमोर तीच गणितं फळ्यावर परत सोडवायला लावायचे." तिने एप्रनला हात पुसले. "हे आपल्या घरचं रोप. याच्याकडेही कुणीतरी बोट दाखवणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून याला दोनदा चोळला."

तिने झारी पुन्हा उचलली.

"ते बोट तुझं असेल असं मात्र वाटलं नव्हतं."