पाणी मागेपर्यंत

बुधवारी सकाळी सात वाजता रूपरावांनी विळ्यानं मोटेचा नाडा कापला. नाडा नवा होता, कापायला वेळ लागला. बैल तेवढा वेळ धावेवर, विहिरीच्या उतारावर, शांत उभे राहिले. मग कातडी मोट विहिरीत पडली.

संत्र्याच्या एकशे वीस झाडांना त्या दिवशी पाणी द्यायचं होतं. छत्तीस दिवस थेंब दिला नव्हता. तळेगावात आंबिया बहार असाच धरतात. थंडीत झाडाचं पाणी तोडायचं, पानं सुकू द्यायची, निम्मी गळू द्यायची, आणि झाड आता मरतं असं वाटलं की पाणी सोडायचं. मग ते फुलतं. घाई केली तर नुसता पाला येतो. उशीर केला तर सरपण.

रूपरावांची बायको कोकिळा दांडाशी, पाण्याच्या पाटाशी, फावडं घेऊन उभी होती. तिला पाचवा महिना होता.

"अहो, हे काय केलं?"

"कोणासाठी पाजू?" रूपराव म्हणाले. "तिकडं समुद्रात एक बॉम्ब फोडला, त चाळीस कोसावरच्या कोळ्यांवर राख पडली. असे किती करून ठेवून राह्यले. पाच सालात ना तू, ना मी. संत्रं काय राख खाईन?" त्यांची नजर तिच्या पोटावर गेली. "अन् याले तरी काऊन आणतं?"

नागपूरचा पेपर वाचून ते वर्षभर हेच बोलत होते. पोटाबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. मग बागेतल्या मातीच्या खोपडीत जाऊन पोत्यांवर आडवे झाले.

त्यांची आई मनकर्णाबाई घरून आल्या. ही बाग त्यांनीच लावलेली. त्यांनी कापलेला नाडा हातात घेऊन पाहिला, खोपडीत डोकावून पाहिलं नाही. श्रावण सालदाराला विहिरीत गळ टाकून मोट काढायला सांगितलं आणि शेजारच्या बबनरावांच्या मळ्यातून दुसरा नाडा मागून आणायला सांगितलं. मग त्या सुनेकडे वळल्या.

"कडी घाल."

"आत्याबाई?"

"कडी घाल. पाणी नाई, भाकर नाई. त्याले मराचं असन त मरन. जगाचं असन त मांगन. तोंडानं पाणी मांगलं का उघडू."

कोकिळेनं खोपडीच्या दाराला बाहेरून कडी घातली. तिला तिसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मनकर्णाबाईंनी वरून कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

श्रावण हसला. "बाई, झाडाचं पान पाहून समजते, पाणी कवा सोडाचं. मालकाचं काय पाहान?"

"तू मोट पाहा."

दुपारी बारापर्यंत मोट सुरू झाली. मोठा दांड खोपडीच्या मागच्या भिंतीला लागून जात होता. पाण्याचा आवाज दिवेलागणीपर्यंत आत ऐकू जात असणार.

गुरुवारी सकाळी आतून आवाज आला. कोकिळा लोटा घेऊन धावली.

"पेपर आला काय?" रूपराव विचारत होते.

मनकर्णाबाईंनी दाराला आडवी बाज टाकली होती. त्या उठल्या नाहीत. "हे काही पाणी मांगणं नोहे," त्या सुनेला म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "रुप्या, आला पेपर. जग हाये अजून. तहान लागली काय?"

कोकिळेला आत कोणी हसल्यासारखं वाटलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, खोकला होता.

शुक्रवारी श्रावणानं येऊन सांगितलं, विहिरीकडच्या झाडांनी सुकलेलं पान उचललं. कोकिळा स्वतः जाऊन पाहून आली.

"आत्याबाई, अकरा झाडांनी नाई उचललं."

"बाकीची पाहा."

"किल्ली द्या."

"आज उघडलं त तो जल्मभर तुले हेच मरणाचं आयकवन. लेकराले बी आयकवन, जल्मल्यापासून. त्यानं मांगलं पाह्यजे."

 बुधवारी कडी घालताना कोकिळेनंही हाच विचार केला होता.

दुपारी तीन वाजता मनकर्णाबाई ती अकरा झाडं पाहायला गेल्या. किल्ली त्यांच्याबरोबर गेली. कोकिळेनं बाज सरकवली आणि पोट सांभाळत दाराशी बसली.

"अहो," ती फटीला तोंड लावून म्हणाली, "मांगा ना. एकडाव मांगा."

आत हालचाल नव्हती.

"खोटं खोटंच मांगा. मी सांगन आत्याबाईले, मांगलं म्हणून."

 बैलांच्या गळ्यातल्या घंट्या धावेवरून खाली जात होत्या आणि वर येत होत्या. तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी नाव घेऊन. लग्नानंतर उखाण्याशिवाय तिनं ते नाव कधी घेतलं नव्हतं. उत्तर आलं नाही.

तिनं लोटा दाराखालच्या फटीत ओतला. जमिनीचा उतार आतल्या बाजूला होता. पाणी आत गेलं. आत कोणी पाणी चाटतं का ते ऐकायला तिनं कान जमिनीला लावला, मग उठून दांडावरून दुसरा लोटा भरून आणला.

संध्याकाळी सहा वाजता मनकर्णाबाई परत येऊन बाजेवर बसल्या, तेव्हा कोकिळा सहावा लोटा ओतत होती. तोवर आतून कोणी काही मागितलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी तिला अडवलं नाही. किल्लीही काढली नाही.