आतून कडी

"जिन्यावरून पडली," नवरा म्हणाला. प्रश्न बायकोला विचारला होता.

मोठ्या सिस्टरांनी मान वर केली नाही. तातडीच्या विभागात उभी हयात गेलेल्या बाईला जिन्यावरून पडणाऱ्या बायका चांगल्या ठाऊक असतात. जगातले सगळे जिने मेले बायकांच्याच वाईटावर टपलेले.

विभागातले लोक त्यांना पाठीमागे फौजदारीण म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठल्या पोराने नाकात मणी घातलाय, कुठल्या पोटदुखीचं खरं नाव परीक्षा आहे, हे त्या डॉक्टरांच्या आधी ओळखत. आज तर सकाळपासून पाणी प्यायला फुरसत नव्हती. पलीकडच्या खाटेवर एक दारुडा स्वतःच्या फुटलेल्या डोक्याची गाऱ्हाणी भिंतीला सांगत होता.

"खांदा निखळलाय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तो बसवला. बाई कळवळली नाही, छताकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते नवऱ्याच्या.

नाटकी मेला, सिस्टरांच्या मनात आलं.

कारण त्यांनी बाईचं मनगट पाहिलं होतं. त्यावर बोटं उमटली होती, निळीजांभळी. जिन्याला बोटं नसतात. नवऱ्याच्या शर्टाची दोन बटणं तुटली होती आणि मानेवर ओरखडे होते. म्हणजे बिचारीने झटापट केली होती.

"घरी फोन करायचाय का कुणाला?" सिस्टरांनी बाईला विचारलं.

"तिचा फोन माझ्याकडे असतो," नवरा म्हणाला.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"आहेत. त्याही माझ्याकडेच असतात."

"आणि श्वास? तो तरी तिचा ती घेते ना?"

नवरा कसनुसा हसला. बोलता बोलता त्याने ड्रेसिंगचा ट्रे खाटेपासून लांब सरकवला. कात्री खणकली.

"ट्रेला हात लावायचा नाही," सिस्टर म्हणाल्या.

बाई बाथरूमला गेली तर हा दाराशी उभा. "कडी लावू नकोस," असं त्याने हळूच म्हटलेलंही सिस्टरांनी ऐकलं. त्यांचं डोकं सणकलं. एवढ्या मोठ्या बाईला साधी कडी लावायची मुभा नाही.

तो मग त्यांच्या टेबलाशी आला. "सिस्टर, जरा बाजूला येता? फक्त तुमच्याशी बोलायचं होतं. तिच्यासमोर नको."

असल्यांची ही पुढची पायरी त्यांना पाठ होती. आधी गोड बोलायचं, मग बायको कशी डोक्याने कमी आहे ते सांगायचं.

"मला कामं आहेत. जे काय असेल ते डॉक्टरांना सांगा, आणि तिच्यासमोर सांगा. तोवर समोरच्या दुकानातून हात गळ्यात अडकवायचा पट्टा घेऊन या."

"दुसरं कुणी जाईल का?"

"दुसरं कुणी तुमचं नोकर नाही."

तो घुटमळला. दारापर्यंत जाऊन परत आला. "तुम्ही हिच्याजवळ थांबाल ना? एकटी सोडू नका. एवढं करा."

"मी आहे," सिस्टर म्हणाल्या. कैद्याला पहारेकरी लागतोच, एवढं त्या मनातल्या मनात पुढे बोलल्या.

तो गेला आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. बाईचा चांगला हात हातात घेतला.

"हे बघ बाळ, मला सगळं कळलंय. हा हात त्यानेच ओढला ना?"

बाईने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "यांनीच."

"घरी जायचंय तुला त्याच्याबरोबर?"

"नाही."

सिस्टरांना भरून आलं. एवढा एक शब्द काढून घ्यायला कधी कधी महिने लागतात.

"मग नको जाऊस. वर आमची नर्सेसची खोली आहे. या वेळी तिथे कुणी नसतं. मदत करणाऱ्या बायकांना मी बोलावून घेते, त्या येईपर्यंत निवांत बस. गॅलरी आहे, चार घटका मोकळी हवा घे."

बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "आतून कडी लागते?"

"लागते तर. कुणी दारावर हात आपटला तरी उघडू नकोस. अगदी मी आले तरी आवाज ओळखल्याशिवाय नाही."

तेवढ्यात बाहेर दोन रुग्णवाहिका लागल्या. कुठेतरी बस उलटली होती. सिस्टरांना बाईबरोबर जायचं होतं, पण स्ट्रेचर आत येऊ लागले. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि लिफ्ट दाखवली. बाई शांतपणे उठली. जाताना तिने बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली.

"ही त्यांना द्या. आणि हात आता दुखत नाही म्हणावं."

शाब्बास, सिस्टर मनात म्हणाल्या. एका रक्ताळलेल्या कपाळावर कापूस दाबतानाही त्यांचं मन हलकं झालं होतं. दिवस सार्थकी लागला होता.

नवरा धापा टाकत आला. त्याने रिकामी खाट पाहिली. मग बाथरूम पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. सिस्टर कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली.

"शोधू नका. ती सुखरूप आहे. वरच्या खोलीत आतून कडी लावून बसलीय. आता तुमचा हात तिच्यापर्यंत पोचायचा नाही."

तो ओरडला नाही. पट्टा त्याच्या हातातून खाली पडला.

"सकाळी पोचला होता," तो म्हणाला. "कठड्याच्या पलीकडे गेली होती ती. मनगट तेवढं सापडलं, म्हणून वर ओढू शकलो." आणि लिफ्टकडे धावता धावता त्याने विचारलं, "खोली कितव्या मजल्यावर आहे, सिस्टर?"