बोलका चष्मा

काकांचे डोळे जाऊन तीस वर्षं झाली, तरी बोटांनी चाचपून ते रेडिओ दुरुस्त करायचे. एकही रेडिओ त्यांनी 'होत नाही' म्हणून कधी परत पाठवला नाही. लेकीने त्यांना वाचून दाखवणारा चष्मा आणला. औषधाची बाटली, लाइटचं बिल, सगळं घडाघडा वाचायचा. मग काकूंच्याच वयाची शेजारीण दारात आली आणि चष्मा बोलला, "समोर म्हातारी बाई."

झालं! काकांनी काकूंना शेवटचं पाहिलं होतं ते लांब काळ्या वेणीत. त्या दिवसापासून काकू चहासुद्धा पाठीमागून द्यायला लागल्या.

आज काका गर्रकन वळले.

"समोर म्हातारी बाई. केस पांढरे."

काकूंनी कपबशी खाली ठेवली. काकांनी चष्मा काढून नीट चाचपला.

 

"हा परत पाठव गं. याला दिसत नाही."