एकतीस खुणा

"सही इथे, बाई. तारीख खाली." प्रकाशन कंपनीच्या हक्क विभागातून आलेल्या मुलीने पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं. "पाचच्या आत तक्रार जायला हवी."

बाईंनी चष्मा चढवला, पण पेन उचललं नाही. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता त्यांनी मुलांसाठी एकच पुस्तक केलं होतं. वटवाघळाच्या पिल्लाचं, बत्तीस पानांचं. नऊ वर्षं ते कुठल्याच दुकानात नव्हतं. आता कुणीतरी ते मोठ्याने वाचून इंटरनेटवर फुकट टाकलं होतं, आणि अकरा हजार जणांनी ऐकलं होतं.

"सही केली की काय होतं?"

"साइटवाल्यांना त्या माणसाचं नाव-पत्ता द्यावा लागतो. मग कोर्ट, दंड. नोकरी असेल तर ती जाते." मुलीने फाइलमधला दुसरा कागद पुढे केला. "आणि कंपनी पुढच्याच महिन्यात नवी आवृत्ती काढेल. हे बघा, लेखी दिलंय."

नवी आवृत्ती. या दोन शब्दांसाठी बाईंनी किती पत्रं पाठवली होती.

"आणि नाही केली तर?"

"तर काहीच करता येत नाही. तुमच्या जुन्या करारात फक्त छापील पुस्तक आहे. आवाजाचा, म्हणजे वाचून ऐकवायचा हक्क तुमच्याकडेच राहिलाय." तिने आवाज खाली आणला. "हे तुम्हाला सांग, असं मला कुणी सांगितलेलं नाही."

खिडकीपाशी बसलेल्या काकांना आता राहवेना. काका म्हणजे बाईंचे यजमान, टपाल खात्यातून निवृत्त झालेले.

"म्हणजे एक चोर पकडायला सगळ्यांची पाकिटं फोडत सुटायचं! आज याचं नाव मागताय, उद्या कोण काय वाचतो ते मागाल. छत्तीस वर्षं टपाल हाताळलं मी. एक पाकीट उघडलं नाही."

"पाकिटात चोरीचा माल असला तरी, काका?" मुलगी म्हणाली. "वर्षभर खपून एकीने लिहायचं आणि कुणीही उठून ते वाटत सुटायचं. मग लिहील कोण?"

"वाटलं ना? विकलं तर नाही! तुमच्या कंपनीने नऊ वर्षं कुलपात ठेवलं, त्याला काय म्हणायचं?"

"तुम्ही जरा गप्प बसा हो," बाई म्हणाल्या. "पुस्तक माझं आहे. मला विचारलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? न विचारता घेतलं, म्हणजे चोरीच की."

मोबाइल मुलीने टेबलावर उताणा ठेवला होता आणि दर मिनिटाला तिची नजर तिकडे जात होती.

"घाईत आहेस का गं?"

"नाही, तसं नाही. मुलीच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झालीय. पाळणाघरात विसरतात कधीकधी."

"केवढी आहे?"

"साडेचार."

तक्रारीला पानं जुळवून जोडावी लागत. कंपनीने रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवला होता. एकाने मूळ पुस्तक वाचायचं, दुसऱ्याने त्या कागदावर पानागणिक खूण करायची, अशी पद्धत. बाईंनी घरातली एकुलती एक प्रत काढून मुलीच्या हातात दिली आणि स्वतः पेन्सिल घेतली.

"वाचणारा बाई आहे की बाप्या, तेही कळत नाही," काका म्हणाले. "मशीनने आवाज जाड केलाय. पण वाचतो झकास. सुरुवातीलाच काय म्हणतो, डोळे मिटलेलेच राहू देत हं!"

"हो, ऐकलंय," मुलगी म्हणाली आणि वाचायला लागली.

पहिली काही पानं तिने यादी वाचावी तशी वाचली. मग हळूहळू तिचा सूर उतरला, शब्दांमध्ये जागा पडू लागली. नवव्या पानावर पिल्लू झोपाळू घुबडावर आपटलं तेव्हा काका खो खो हसले. तेराव्या पानावर आईने पंख पसरले. मुलीने पुस्तकाकडे न बघताच पान उलटलं आणि पुढे वाचू लागली. पिल्लू आता एकटंच उडत होतं, नुसत्या आवाजावरून वाट काढत.

"सगळं जुळलं," शेवटी ती पुस्तक मिटत म्हणाली. "एकही फरक नाही."

बाईंनी खुणा मोजल्या. एकतीस. पुन्हा मोजल्या. मुलीने गाळलेलं पान रेकॉर्डिंगच्या कागदावरही नव्हतं. मग त्यांनी चष्म्यावरून मुलीकडे बघितलं. तिची नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती.

"बाई, सही?"

बाईंनी तक्रारीचा कागद बाजूला सारला. खणातून कोरा कागद घेतला आणि फळ्यावर लिहायच्या तशा गोल अक्षरांत लिहिलं: माझ्या पुस्तकाचं वाचन करून ते सगळ्यांना मोफत ऐकवायला माझी परवानगी आहे. आजवर केलेल्या वाचनालाही.

"अगं, आणि नवी आवृत्ती?" काका उठूनच उभे राहिले.

"काढतील. अकरा हजार पोरं ऐकून बसलीयत. त्यांनी चित्रं मागितली की झक मारत काढतील."

"बरं, पण परवानगी देतेस कुणाला? नाव ना गाव!"

बाईंनी खाली सही केली, तारीख घातली, आणि तो कागद पेनासकट मुलीपुढे सरकवला.

"नाव तू लिही," त्या म्हणाल्या. "आणि चौदावं पान गाळत जाऊ नकोस गं. पोर रडली तरी तळापर्यंत वाच, त्याच पानावर आई परत येते."