चाळीस नापास

"संध्याकाळपर्यंत चाळीसही जणांचा सेफ्टीचा ऑनलाइन कोर्स पूर्ण दिसला पाहिजे," म्हणत साहेबांनी पासवर्डची वही माझ्या टेबलावर आपटली.

दरवर्षीचंच होतं. कामगार मशीनवर राबणार आणि त्यांच्या नावाने परीक्षा देणार मी, ऑफिसातली क्लार्क. बरोबर उत्तरांचा कागद कोर्स विकणारेच पाठवायचे. गेल्या वर्षी दशरथ घुलेला मीच शंभर टक्क्यांनी पास केलं. महिन्याभरात प्रेस मशीनखाली त्याची दोन बोटं गेली.

यंदा तो कागद मी फाडला. प्रत्येकाच्या नावाने मला सुचतील तीच उत्तरं दिली.

"चाळीसच्या चाळीस नापास? कसे काय?" साहेब ओरडले.

"नापास मी झालेय, साहेब. चाळीस वेळा. त्यांना अजून कुणी शिकवलेलंच नाही."