बारा इंची पंखा

डोंगरकडा गावातल्या त्या घरात बाथरूम बांधून वर्ष झालं, तरी आतली ओल हटायचं नाव घेत नव्हती. भिंती बुरशीनं काळ्या पडल्या, टॉवेल कुबट वास मारायला लागले. प्रतिक्षाच्या नवऱ्यानं आधी आणलेला पंखा इतका पिटुकला, की वाफ त्याला जुमानतच नव्हती. दुसरा आणला, तो भिंतीतल्या भोकात बसेना.

"माप न घेता काहून जाता हो तुमी?" म्हणत शेवटी ती स्वतःच टेप घेऊन कळमनुरीला गेली आणि दुकानदाराचं डोकं खाऊन चांगला बारा इंची एक्झॉस्ट फॅन निवडून आणला.

आठवड्यात भिंती खडखडीत वाळल्या. सासरे तातेराव रोज येऊन भिंतीवर हात फिरवायचे. "पोरीनं बराबर पंखा निवडला," म्हणायचे.

रविवारी ती कपडे घेऊन आंघोळीला गेली, तर आत फॅन गरगर फिरत होता आणि हळदीची पोती पार छताला टेकलेली.

 

"साऱ्या घरात एवढी कोरडी जागा न्हाई, माय," तातेराव म्हणाले. "हळदीला भाव येईस्तोवर तुला आंघोळीला घरामागं साडीचा आडोसा बांधलाय."